पाऊल टाकलं का?

आमच्या धाराशिवकडं दोन प्रश्न कुणालाही विचारता येतात, ओळख नसली तरी चालतं. पाऊस पडला का? आणि पाऊल टाकलं का? पहिला रान असणाऱ्याला, दुसरा घरात वर्षाच्या आतबाहेरचं लेकरू असणाऱ्याला. दोन्ही गोष्टी ज्याला विचारल्या त्याच्या हातात नसतात. तरी उत्तर देताना माणूस असा ओशाळतो, की जणू पाऊस त्यानंच अडवून धरलाय. 'पडला नाही अजून, पण वारं फिरलंय,' शेतकरी म्हणतो. 'टाकलं नाही अजून, पण धरून-धरून फिरती घरभर,' लेकराची आई म्हणते. विचारणारा दोघांनाही 'पडंल, पडंल' असा धीर देऊन पुढं जातो. लेकराच्या बाबतीत हा आशीर्वाद हमखास खरा ठरतो. ते आधी पडतंच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. हयातभर दुसऱ्यांच्या पोरांना गुण दिले. त्यामुळं घरातल्या वीतभर नातीची परीक्षा सुरू झाली तेव्हा मी जरा सावरून बसलो. पण ही परीक्षा माझ्या ओळखीची नव्हती. विद्यार्थी एक, परीक्षक चार, आणि चौघांच्या हातातल्या पट्ट्या वेगवेगळ्या. आजीची पट्टी म्हणजे स्वतःचा मुलगा. तो या वयात काय करत होता, यावरून नातीचं मोजमाप. सुनेची पट्टी म्हणजे शेजारचा मुलगा. तो दहाव्या महिन्यात चालायला लागला आणि आमच्या घराची झोप गेली. मुलाची पट्टी मोबाइलमध्ये. त्यात दर आठवड्याला 'या आठवड्यात तुमचं बाळ' अशी सुरुवात असलेला संदेश येतो, आणि पुढं जे लिहिलेलं असतं ते आमचं बाळ करत नसतं. चौथी परीक्षक अंगणवाडीची ताई. तिच्याकडं रजिस्टर आणि फोन दोन्ही असतात, आणि प्रश्न विचारायला तिला सगळ्यांत कमी वेळ असतो. चौघांपैकी ती एकटीच नातीशी बोलण्याआधी तिच्या उंचीला येऊन जमिनीवर बसते, हेही सांगायला हवं.

आजीच्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्याशी माझा संसार झालाय. आमचा मुलगा १९९३ च्या भूकंपाच्या वेळी अंगावर पिणारा होता. मी तेव्हा लोहाऱ्याकडं नोकरीला. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन, चार वाजायला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमचं भाड्याचं घर तडकलं, माणसं वाचली. नंतर कित्येक महिने पत्र्याच्या शेडात काढले, आणि त्याच शेडात मुलानं पाऊल टाकलं. त्या वर्षी आमच्या भागात कुणाचं लेकरू कधी बसलं, कधी उभं राहिलं, हे टिपून ठेवायच्या मनःस्थितीत कोण होतं? कॅलेंडरसुद्धा ढिगाऱ्यात गेलेलं. त्यामुळं पुरावा म्हणून उरली ती आईची आठवण, आणि आईची आठवण दर वर्षी थोडी पुढं सरकते. मुलगा शाळेत गेला तेव्हा तो 'वर्षाचा होता होता' चालला होता. त्याचं लग्न ठरलं तेव्हा दहाव्या महिन्यात. आता नात झाल्यावर तो नवव्या महिन्यात पळत होता असं कळतं. सून हे ऐकते, माझ्याकडं बघते. मी वर्तमानपत्र वर धरतो.

खरी गोष्ट अशी, की चालण्याला एक तारीख नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या ८१६ लेकरांना महिनोन् महिने घरी जाऊन पाहिलं. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली लेकरं दिल्लीची होती. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. आधाराशिवाय बसणं, धरून उभं राहणं, रांगणं, धरून चालणं, एकट्यानं उभं राहणं, एकट्यानं चालणं अशा सहा पायऱ्या त्यांनी पाहिल्या. एकट्यानं चालण्याची मुदत त्यांच्या मते ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. म्हणजे एका निरोगी लेकरानं आठव्या महिन्यात पाऊल टाकलं आणि दुसऱ्या तितक्याच निरोगी लेकरानं साडेसतराव्या महिन्यात, तरी दोघंही वेळेवर. मध्ये नऊ महिन्यांहून जास्त अंतर! एवढ्यात आणखी एक भावंड जन्माला येऊ शकतं.

मी हे सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, ते खरंय. पण शेजारचा दहाव्यात चालला."

आमच्या नातीनं आणखी एक घोळ घातला होता. ती रांगलीच नाही. बसल्या जागेवरून एक पाय दुमडून, एक हात टेकून, ढुंगणावर सरकत सरकत ती सगळं घर फिरे. "फरशी पुसायची बाई लावायला नको," असं आजी म्हणायची, पण तिच्या आवाजात काळजी असायची. आमच्याकडं रांगणं म्हणजे रांगणाऱ्या बाळकृष्णाची मूर्ती, एक हात पुढं, त्यात लोणी. सरकणारा बाळकृष्ण कुठल्याच देव्हाऱ्यात नाही. मग त्याच पाच देशांच्या अभ्यासात मला दिसलं, की ४.३ टक्के लेकरं हातागुडघ्यावर रांगलीच नाहीत आणि तरी पुढं व्यवस्थित चालली. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं तर २०२२ मध्ये आपल्या तक्त्यातून रांगणं काढूनच टाकलं. एवढ्या मोठ्या देशानं आमच्या नातीची बाजू घेतली हे मी चहाच्या वेळी जाहीर केलं. आजीनं विचारलं, "त्यांच्यात बाळकृष्ण असतो का?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

आता एका कार्डाकडं येतो. माता-बाल संरक्षण कार्ड. आमच्या घरात रेशनकार्डाच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ते असतं. त्यात लसींच्या तारखा, वजनाचा आलेख, आणि कोणत्या वयात लेकरू काय करतं त्याची चित्रं. २०१८ पासून आशाताईंनी लेकराच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊन बघायचं असं ठरलं आहे, आणि ही गृहभेटींची योजना देशातल्या आकांक्षित, म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांपासून सुरू झाली. आमचा जिल्हा त्यात आहे. त्यामुळं आमच्या नातीच्या परीक्षेचं वेळापत्रक थेट दिल्लीहून आलेलं आहे, असं मी म्हणू शकतो.

बाराव्या महिन्याची भेट मला चांगली आठवते. आशाताई आल्या, पदरानं घाम पुसला, पाणी प्यायल्या. सुनेनं नातीला नवा झबला घातला होता, काजळ लावलं होतं, गालावर तीट. ही तयारी बघून मला तालुक्याच्या शाळातपासणीची आठवण झाली. आशाताईंनी मऊ आवाजात विचारलं, "टाटा करती का गं?"

नात त्यांच्या गळ्यातल्या डोरल्याकडं बघत होती.

"कर की बाळा टाटा," सून म्हणाली. "सकाळी दूधवाल्याला केला ना? कर ना."

नात डोरल्याकडंच.

"टाळी दे. बरं, नाक कुठंय? नाक दाखव. आबांचं नाक दाखव!"

मी माझं नाक पुढं केलं. उपयोग झाला नाही. मग आजी आली, तिनं कुक् केलं, भ्याँ केलं, चिऊ आली, काऊ आला. मुलगा बाहेरून आला, त्यानं मोबाइलवर तिचंच टाटा करतानाचं चित्रण लावून तिला दाखवलं. पडद्यावरची नात हात हलवत होती आणि मांडीवरची नात तिच्याकडं परक्या बाईकडं बघावं तशी बघत होती. शेवटी आम्ही चौघांनी एका सुरात ते वाक्य म्हटलं, जे आशाताई दिवसातून दहा घरी ऐकत असणार: "आत्ता करत होती!"

"करत असंल," आशाताई म्हणाल्या आणि खूण केली. त्या उठल्या, चप्पल घातली, फाटकाबाहेर गेल्या, मोपेड चालू केली. तेव्हा नातीनं उंबऱ्याजवळ बसून दोन्ही हातांनी टाटा केला. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

लेकरांच्या मोजमापाचं शास्त्रशुद्ध काम करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं ते याच कारणानं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासाची मोजपट्टी तयार केली. त्यात हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ कसोट्या आहेत. दोनशे तीस! घंटी वाजली की वळतं का, ठोकळा ठोकळ्यावर ठेवतं का, अशा. आम्ही चौघं मिळून एक टाटा काढून घेऊ शकलो नाही. त्या बाईंनी किती बाळांपुढं किती तास खुळखुळे हलवले असतील, आणि किती आयांचं 'आत्ता करत होतं' ऐकून घेतलं असेल!

आपण मोजतो ते लेकराला असं वाटतं, पण मोजमाप बहुतेक घराचं चालू असतं. उशिरा चालली तर 'आमच्याकडं कुणी असं नव्हतं,' लवकर बोलली तर 'आमच्यावर गेली.' गुण नेहमी आपल्या वळणाचे, उशीर मामाच्या वळणाचा. सुनेचं माहेर बार्शीचं. नातीचा प्रत्येक उशीर गेले वर्षभर बार्शीच्या खात्यावर जमा होतोय आणि बार्शीकर बिचारे पेढे घेऊन भेटायला येतात.

अंगणवाडीतलं वजन हा आणखी एक सोहळा. काट्याच्या झोळीत बसवलं, की लेकरू जे भोकाड पसरतं त्यानं काटा हलतो, मग ताई म्हणते, "शांत होऊ द्या." ते शांत होईपर्यंत पुढच्या लेकराची बारी येते. आलेखावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी पट्टा. हिरव्यात ठिपका पडला, की आई घरी येताना रस्ताभर सांगत येते, "हिरव्यात आहे, हिरव्यात आहे." पिवळ्याकडं झुकला, की त्या दिवशी घरात तूप, खारीक, नाचणी, आणि एकमेकांकडं बोट. मी एकदा सुनेला म्हटलं, की आमच्या लहानपणी गुटगुटीत म्हटलं की संपलं, रंग नव्हते. ती म्हणाली, "मामा, तुमच्या लहानपणी किती लेकरं पाच वर्षांची होत होती?" एवढं खरं बोलायची तशी गरज नव्हती.

पण आमच्या भागात या मोजमापाची इतकी सवय व्हायला आणखी एक कारण आहे. आमचा जिल्हाच तक्त्यावर आहे. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातले मागे पडलेले जिल्हे निवडून त्यांना आकांक्षित जिल्हे म्हटलं. महाराष्ट्रातून चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आम्ही. आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती, पाणी, रस्ते असे ४९ निर्देशांक, आणि दर महिन्याला क्रमवारी. तीही अशी, की तुम्ही कुठं आहात यापेक्षा मागच्या महिन्यापेक्षा किती सरकलात हे बघायचं. ही पद्धत मला फार समजूतदार वाटते. कुण्या आईनं ठरवली असती तर अशीच ठरवली असती. पण आईला ती लेकराच्या बाबतीत जमत नाही आणि दिल्लीला जिल्ह्याच्या बाबतीत जमली, यात काहीतरी उलटं झालंय. 'शेजारचा कुठं पोचला' ही तुलना मात्र दोन्हीकडं सुटत नाही. जिल्हा पुढं गेल्याची बातमी पेपरात येते तेव्हा नंदुरबारचं काय झालं हे आम्ही आधी वाचतो.

आणि खरं सांगायचं तर ही मोजायची खोड आमच्या मातीत नीती आयोगाच्या फार आधीपासून आहे. इथून जवळच, तेरणेच्या काठी, तेर. संत गोरोबाकाकांचं गाव. कथा सगळ्यांना माहीत आहे. संतांची मांदियाळी जमलेली, ज्ञानेश्वर, निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई, नामदेव. मुक्ताबाईनं गोरोबांच्या घरातलं थापटणं बघितलं आणि विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग म्हणाली, आमची मडकी बघा की. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प. नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

मास्तर म्हणून या परीक्षेत मला खोट दिसते. परीक्षार्थ्याला आधी सांगितलंच नाही, की गप्प बसायचे गुण आहेत. चारचौघांत डोक्यावर लाकूड बसल्यावर आवाज येणं हे कच्चेपण की जिवंतपण, हा प्रश्न त्या सभेत कुणी विचारला नाही. नामदेवांना ते फार लागलं. ते पंढरपूरला गेले, मग औंढ्याला विसोबा खेचरांकडं. आणि पुढं त्या बैठकीतला हाच नापास विद्यार्थी पंजाबपर्यंत चालत गेला. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. पाऊल टाकलं का, म्हणणाऱ्यांना एवढं पाऊल पुरे व्हावं.

पण आमच्या लोकांनी कथेतलं थापटणं तेवढं उचललं. चुलते येतात, आत्या येतात, गल्लीतल्या अक्का येतात, आणि नातीच्या डोक्यावर आपलं थापटणं मारून जातात. "दात किती? चारच?" "मामा म्हणते का? नुसतं बाबा?" "अजून मांडीवरच?" नात या प्रत्येकाला नामदेवांसारखंच उत्तर देते. रडून.

लेकराचा हिशेब ठेवायचा सोस बापांनाही असतो, आणि तो फक्त मोबाइलच्या काळातला नाही. डार्विननं आपला पहिला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला तेव्हापासून टिपण ठेवलं होतं. राग कधी आला, हसला कधी, आरशात बघून काय केलं. ते छापलं १८७७ मध्ये, म्हणजे मुलगा सदतिशीचा झाल्यावर. माणसाची उत्पत्ती सांगायला त्याला तेवढा वेळ लागला नव्हता. पियाजेनं बालमानसशास्त्राचा मोठा भाग स्वतःच्या तीन लेकरांकडं बघून उभा केला. त्यांच्या बायका तेव्हा काय म्हणत होत्या ते छापून आलेलं माझ्या बघण्यात नाही. आमच्या मुलाचं संशोधन असं, की नातीनं एका संध्याकाळी दिवाणापासून टीपॉयपर्यंत, हात सोडून, तीन पावलं टाकली. तो मोबाइल काढेपर्यंत ती खाली बसली होती. त्यानं तिला उचललं, दिवाणाला टेकवलं आणि म्हणाला, "पहिल्यापासून कर." ती हसली आणि सरकत स्वयंपाकघरात गेली. त्यामुळं आमच्याकडं पहिल्या पावलाचं चित्रण नाही. आहे ते पुढच्या आठवड्यातल्या कुठल्यातरी पावलाचं आहे, आणि 'पहिलं पाऊल' म्हणून तेच बार्शीला पाठवलेलं आहे.

हे सगळं चोचल्याचं वाटायला लागतं, ते आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या मुलीची गोष्ट ऐकल्यावर. ती आणि तिचा नवरा कोयत्यावर जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेऊन ऊसतोडीला. आमच्या वाशी, कळंब, भूम, परांडा भागातून दिवाळी झाली की गाड्या भरून निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. पहिल्या साली तिनं लेकरू बरोबर नेलं. उसाच्या पाचटाची कोपी, फडात झोळी. लेकरू उभं कधी राहिलं, तिला माहीत नाही. एक दिवस मोळी डोक्यावर घेऊन वळली तर ते बांधावर उभं होतं, हातात पाचट. "मी मोळी टाकली नाही," ती म्हणाली, "गाडी भरायची होती. भरून आले अन् मग बघितलं." दुसऱ्या साली लेकरू आजीजवळ ठेवलं. पाडव्याच्या सुमाराला परतली तेव्हा तोंडात शब्दच नसलेलं लेकरू घडाघडा बोलत होतं. आजीला ते आई म्हणत होतं. आईला 'तू कोण' म्हणालं, असं ती हसत सांगत होती. तिच्या लेकराचं वाढणं तिला असं एकदम, एका दिवसात बघायला मिळतं. आम्ही मात्र दिवसातून चारदा नातीचे दात मोजतो. दोन्हींतलं बरं काय, विचारायचा मला अधिकार नाही. फडात वाढणाऱ्या लेकराच्या कार्डावर बाराव्या महिन्याची खूण कुणी करायची, हा प्रश्न मात्र मला पडतो. आशाताई गावात, लेकरू कर्नाटकात.

आता थोडं काळजीबद्दल, कारण तिची मी एवढी थट्टा केली. आमच्या गल्लीच्या पलीकडं एका घरात दीड-पावणेदोन वर्षांचा मुलगा होता. चालणं उत्तम, खाणं उत्तम, दिसायला गोड. शब्द नव्हता. घरातल्या थोरांचं म्हणणं, "याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता बघा, गप बसतो का?" वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. कुणी म्हणालं मुलगेच उशिरा बोलतात. फक्त त्याच्या आईला एक गोष्ट खटकत होती. कुकरची शिट्टी झाली, की घरातलं मांजर दचकतं आणि हा दचकत नाही. तिनं पाठीमागून ताट वाजवून बघितलं. दार आपटून बघितलं. दार आपटल्यावर तो वळला. पण ती म्हणाली, दाराच्या वाऱ्यानं वळला, आवाजानं नाही. घरच्यांनी तिला खुळ्यात काढलं. "मोबाइलवर वाचून वाचून डोकं फिरलंय."

ती एकटी लेकराला घेऊन तपासणीला गेली. ऐकू कमी येत होतं. आता त्याच्या कानामागं मशीन आहे, आठवड्याला बोलण्याचे धडे आहेत, आणि तो कुकरच्या शिट्ट्या मोजतो. मोठ्यानं. चुकीच्या.

फ्रान्सिस ग्लॅस्को नावाच्या अमेरिकन बाईंनी याच गोष्टीवर आयुष्य घातलं. त्यांनी दाखवलं, की नीट विचारलं तर आईबापांची काळजी ही चांगली चाचणी असते. त्यावरून १९९७ मध्ये त्यांनी दहा प्रश्नांचं एक पत्रक केलं. त्यात लेकराला नाक दाखवायला सांगत नाहीत. आईबापांना विचारतात, बोलण्याबद्दल काही काळजी वाटते का, ऐकण्याबद्दल, हातापायांबद्दल, वागण्याबद्दल. आमच्याकडंही २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातल्या कमतरता आणि विकासातला उशीर, चारही बघते. उशीर सापडला तर पुढं जिल्ह्याला पाठवतात. पण गाडी अंगणवाडीच्या दारात थांबते, आणि कुकर घरात असतो.

त्यामुळं सुनेच्या काळजीला मी आता हसत नाही. म्हणजे, तिच्यासमोर हसत नाही. शेजारच्याशी तुलना ही वेगळी गोष्ट आणि आपल्याच लेकराकडं टक लावून बघणं वेगळी, हे मला पटलंय. अडचण एवढीच, की दोन्ही गोष्टी एकच बाई, एकाच वेळी, त्याच डोळ्यांनी करत असते, आणि कुठली कधी चालू आहे ते सासऱ्याला ओळखू येत नाही.

नातीनं पुढं पंधराव्या महिन्यात घर पालथं घातलं, सोळाव्यात जिना. शेजारच्या मुलाची आई एक दिवस आमच्याकडं बसून म्हणाली, "तुमची किती स्पष्ट बोलती हो. आमचा नुसता हं हं करतो." सुनेच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मी पाहिलं. तिनं लगेच "बोलंल, बोलंल" म्हणून तिला धीर दिला आणि चहा टाकायला उठली. चहात साखर जास्त पडली होती.

दोन वर्षांची झाली तेव्हा अंगणवाडीच्या ताई आल्या. एव्हाना टाटा वगैरे मागं पडलेलं. आता शाळेच्या गप्पा सुरू झालेल्या. नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन पूर्ण व्हावी लागतात, ती कधी होते, मराठीत घालायची की इंग्रजीत, यावर घरात दोन तट पडलेत, आणि मी जिल्हा परिषदेचा असल्यामुळं माझं मत कुणी विचारत नाही. तरी मी ते ताईंना सांगत होतो. मातृभाषा, पाया, तारा मोडक, अनुताई वाघ, कोसबाडच्या टेकडीवर काय झालं ते सगळं. ताई मान डोलवत होत्या. मला थांबायला जागा सापडत नव्हती. मध्येच त्यांनी सुनेकडं वळून विचारलं, "दोन शब्द जोडून बोलती का गं आता? 'आई ये', 'दूध दे', असं?"

सून का कोण जाणे घुटमळली. "बोलते," ती म्हणाली, "पण…"

"म्हणून दाखवंल का?"

या वेळी कुणी नाक पुढं केलं नाही, कुणी चिऊ-काऊ आणली नाही. नात माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. तिनं वर बघितलं, माझ्या ओठावर आपला तळवा ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आबा, गप."

ताईंनी 'होय'वर खूण केली.